बारशाची कॅसेट

१

व्हिडिओ कॅसेट नुसती बघायची असली तर पुढं पळवता येते. तिची सीडी करायची असली तर मात्र पळवता येत नाही. लग्न जेवढा वेळ चाललं असेल तेवढा वेळ कॅसेट फिरू द्यावी लागते, आणि मध्येच फीत अडकली तर थांबवायला कुणीतरी समोर बसावं लागतं. दुसऱ्या कुणाला हे बसणं कंटाळवाणं वाटलं असतं. दीप्तीला तेच आवडायचं.

निपाणीत तिच्या नवऱ्याचं, वृषभचं, औषधांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. मागच्या अंगाला, जिन्यालगतची एक लहान खोली तिनं ह्या कामासाठी घेतली होती. आधी ती एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. शाळेनं तो वर्ग बंद केला, तेव्हा रिकामपणी तिनं माहेरची एक कॅसेट उतरवून घेतली. ती बघून नणंदेनं आपल्या दिल्या, आणि बघता बघता चिकोडी, सदलगा, संकेश्वर अशा गावांतनं लोक पिशव्या घेऊन यायला लागले. लग्नं, व्रतबंध, पंचकल्याणक पूजा. कॅसेटींना पांढरी बुरशी आलेली असायची. ती दीप्ती सावकाश पुसायची, कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची आणि बाकड्यावर पाय वर घेऊन बसायची. नवरा-नवरीपेक्षा तिची नजर मागं असायची. भिंतीवर कुठलं कॅलेंडर आहे, कोण कुणाशी बोलत नाही, कोणती म्हातारी ताटातला लाडू गुपचूप पदराला बांधते. लोकांच्या घरात डोकावायचा तुला नाद लागलाय, असं वृषभ म्हणायचा, आणि ती ते नाकारायची नाही.

राजाबाई बोरगावहून एसटीनं आल्या त्या एकच कॅसेट घेऊन. धुतलेल्या ओढणीत गुंडाळलेली. साठी ओलांडलेली बाई, अंगानं बारीक, बोलायला मोकळी. मुलाच्या बारशाची कॅसेट आहे, म्हणाल्या. मुलगा आदर्श आता बेळगावात नोकरीला होता, त्यालाही नुकताच मुलगा झाला होता, आणि नातवाच्या बारशाला बापाचं बारसं टीव्हीवर लावायचं असं सुनेच्या मनात होतं. घरात व्हीसीआर कधीच नव्हता, त्यामुळं ही कॅसेट पाहुण्यांकडं एकदा बघितली तेवढीच. नंतर ती ट्रंकेत पडून राहिली.

सगळं सांगून झाल्यावर त्या जायला उठल्या आणि दारात थांबल्या.

"ह्यात माझी थोरली लेक हाय. पुन्नी. पौर्णिमा नाव हुतं. बारशानंतर त्याच साली गेली ती, काविळीनं. शाळंतला एक फोटो सोडला तर तिचं काय बी न्हाय माझ्याजवळ. तेवढी ती नीट दिसंल असं कर, बाई."

दीप्ती म्हणाली, करते राजाक्का.

२

कॅसेट चांगली निघाली. रंग थोडे उडाले होते, पण चित्र स्थिर होतं. पाळणा, तो हलवत गाणी म्हणणाऱ्या बायका, कुंची घातलेलं बाळ. आदर्शच्या काकानं पुण्याहून कॅमेरा आणला होता आणि हौसेनं तो सगळीकडं फिरवला होता. मग जेवणाची हाक आली. सगळे बाहेर मांडवात गेले, आणि काकानं कॅमेरा कशावर तरी ठेवला, बंद करायचा विसरला, आणि तोही जेवायला गेला.

पुढं कॅसेट संपेपर्यंत एकच दृश्य होतं. घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी. एका बाजूला खांबाला टेकून तरुण राजाबाई बसलेल्या, बाळंतिणीसारख्या, कानाला घट्ट स्कार्फ बांधून, मांडीवर बाळ. दुसऱ्या बाजूला एक मुलगी सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, वयाच्या मानानं लांब हात. तिच्या पाठीमागं तंबाखूची पोती ठेवायची खोली. त्या खोलीला खिडकी नसावी. दाराची एक फळी उघडी होती आणि आत मिट्ट काळोख होता.

एरवी दीप्ती असला भाग चालू ठेवून स्वयंपाकघरात गेली असती. पण ती तेवढी नीट दिसली पाहिजे, असं राजाबाईंनी सांगितलं होतं, म्हणून ती बसून राहिली. दुपारची वेळ. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि पुन्नीनं मान वळवून मागच्या काळोख्या दाराकडं बघितलं.

दीप्तीला हसू आलं. असं होतं कधी कधी. टीव्हीवर दाराची कडी वाजते आणि आपण उठून दार उघडायला जातो. हे त्याच्या उलटं झालं, एवढंच.

मग तिचा मोबाइल वाजला. तो पलंगावर राहिला होता, ती उठेपर्यंत वाजत राहिला. तेवढा वेळ पुन्नी मान तिरकी करून दाराकडं कान लावून बसली होती. हातातली शेंग तशीच. तरुण राजाबाईंना काही ऐकू आलं नसावं, त्या बाळाचे पाय दाबत होत्या. मोबाइल थांबला तशी पुन्नीनं शेंग फोडली.

दीप्तीनं कॅसेट मागं घेतली आणि तेवढा भाग पुन्हा लावला. पुन्नी खाली मान घालून शेंगा फोडत होती. तिनं एकदाही मागं बघितलं नाही.

कॉम्प्युटरमध्ये उतरलेलं मात्र तसंच होतं. त्यात ती बघत होती.

३

रात्री जेवताना तिनं वृषभला सांगितलं. एकाच फितीवर दोनदा शूटिंग केलं की खालचं पुसट वर येतं, असं काहीतरी असेल, असं त्याचं म्हणणं पडलं. दीप्तीला ते पटलं नाही, पण तिच्याजवळ त्याहून बरं काही नव्हतं. भीती मात्र वाटत नव्हती. भिंतीपलीकडं नवं बिऱ्हाड आलंय आणि तिथलं पोरगं आपल्या आवाजाला दाद देतंय, अशी काहीतरी ती गंमत होती. दुसऱ्या दिवशी वृषभ दुकानात उतरल्यावर ती एक स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन खोलीत गेली.

सोपा आला. पुन्नी शेंगा फोडत होती. दीप्तीनं वाटीवर चमचा वाजवला.

पुन्नीनं मागं बघितलं.

दीप्तीनं थांबून पुन्हा वाजवला, ह्या वेळी दोनदा. पुन्नी जराशी हसली. मग दाराकडं बघतच तिनं शेंग सुपाच्या कडेवर आपटली. दोनदा. त्याचा बारीक टकटक आवाज स्पीकरमधनं आला.

दीप्तीनं तीनदा वाजवलं. पुन्नीनं तीनदा आपटलं. असा खेळ बराच वेळ चालला. दीप्तीचे गाल हसून दुखायला लागले. तिला स्वतःचं मूल नव्हतं आणि त्याचं तिनं मनाला लावूनही घेतलं नव्हतं, पण त्या दुपारी त्या मुलीच्या दाताच्या फटीवरून तिची नजर हलेना. खेळाच्या भरात ती सहज बोलून गेली, "काय करतीस गं?"

पुन्नीचा चेहरा बदलला. रडवेला नाही, घाबरलेलाही नाही. वर्गात कुणीतरी नवा आल्यावर पोरं बघतात तसा. ती उठली आणि आईजवळ जाऊन काहीतरी बोलली. तरुण राजाबाईंनी कानावरचा स्कार्फ सैल केला आणि ऐकायचा प्रयत्न केला. दीप्तीनं हातातली वाटी मांडीवर इतकी हळू ठेवली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. थोड्या वेळानं राजाबाई बाळ खांद्यावर टाकून उठल्या, दाराची उघडी फळी लोटली, वर हात करून कडी घातली आणि परत येऊन बसल्या.

दीप्तीनं कॅसेट पहिल्यापासून लावली. पाळणा, कुंची, काका, मांडव. सोपा आला तेव्हा दार आधीपासूनच बंद होतं आणि कडी घातलेली होती.

पहिल्या दिवशी उतरवून घेतलेलं तिनं कॉम्प्युटरवर शेजारी लावलं. त्यात दार उघडं होतं. ती दोन्ही चित्रं कितीतरी वेळ बघत बसली. सूप तेच, रिबिनी त्याच, खांबाला टेकलेली बाईही तीच. वृषभच्या म्हणण्याप्रमाणं दोनदा शूटिंग केलं असेल तर मधल्या वेळात कुणीतरी उठून कडी घातली, इतकाच त्याचा अर्थ. आणि कुणी घातली, का घातली, हे तर तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

४

आवाज जरा खराब आहे, एकदा विचारायचं होतं, असं निमित्त करून ती बोरगावला गेली. फोनवर विचारता आलं असतं, हे राजाबाईंच्याही लक्षात आलं असणार. पण त्यांनी तिला हौसेनं घर दाखवलं.

सोप्याचा खांब तोच होता. तंबाखूची खोली आता राहिली नव्हती. मधली भिंत पाडून तिथं स्वयंपाकघर केलं होतं, पांढऱ्या फरश्या, मोठी खिडकी, फ्रीज. दार होतं तिथं नुसती कमान होती. दीप्ती कमानीखाली उभी राहिली आणि इकडंतिकडं बघू लागली. काय शोधते आहे ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. फ्रीज घरघरत होता. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला.

"इथं कसली खोली होती, राजाक्का?"

राजाबाईंनी सांगितलं. तंबाखूचा धंदा होता तोवर पोती ठेवायची खोली. पुढं पुन्नीमुळंच ती मोकळी केली. मुलीला त्या दाराचं वेड लागलं होतं. बारशाच्या दिवसापासून ती ऊठसूट तिथंच बसायची. आत बाई आहे म्हणायची, वाटी वाजवते म्हणायची. घरच्यांनी पोती काढून बॅटरी मारून दाखवली, कुणी नाही बघ म्हणाले. ती म्हणायची, आत्ता नाही, पण येते.

राजाबाई बोलत राहिल्या, जसं माणूस फार जुन्या, झिजून गुळगुळीत झालेल्या गोष्टीविषयी बोलतं.

मग पुन्नी दुसऱ्या बाईचं सांगायला लागली. वाटीवाली नव्हे, दुसरी. म्हातारी. ती आत बसून रडते आणि मला पुन्ने म्हणून हाक मारते. राजाबाईंची सासू आदल्याच साली गेली होती, सगळ्यांना वाटलं आजीची आठवण येत असेल. पण आजी का, असं विचारलं तर मुलगी नाही म्हणून मान हलवायची.

"काय म्हणायची?"

"आईच हाय म्हणायची. पण म्हातारी आई हाय." राजाबाई हसल्या. "पोरगी कायबी बोलायची बघ. मी समोर बसल्याली असताना."

ती भ्यायची का, असं दीप्तीनं विचारलं. अजिबात नाही, त्या म्हणाल्या. लई आवडायचं तिला. जेवायचं ताटसुद्धा तिथंच घेऊन बसायची. कावीळ वाढली तेव्हा दाराशी अंथरूण घाल म्हणून हट्ट धरला, तसं घातलं. तिथंच गेली.

परत येताना दीप्तीला खिडकीजवळची जागा मिळाली, पण बाहेर काय काय गेलं ते तिला दिसलं नाही. वाटी वाजवणारी बाई ती स्वतःच होती. ते झालं होतं, आता ते पुसता येणार नव्हतं. पण म्हातारी आई अजून कॅसेटसमोर येऊन बसली नव्हती. दीप्तीनं तिला येऊ दिलं नाही तर ती येणारच नाही. मग पुन्नीला कुणी हाक मारणार नाही, आणि ती दाराशी अंथरूण मागणार नाही. कावीळ मात्र व्हायची ती होणारच. दाराशी गेली काय आणि खाटेवर गेली काय. की तसं नाही? आतनं कुणी बोलावतंय म्हणून मुलीनं जगायची उमेद सोडली असेल तर? आणि उलट, शेवटी तेवढाच तिला आधार असेल तर?

घरी आल्यावर तिनं मोबाइल बंद केला, चपला खाली काढून ठेवल्या, जिन्याकडचं दार आतनं लावलं आणि कॅसेट एकदा पूर्ण, अगदी चिडीचूप उतरवून घेतली. तिची सीडी केली, राजाबाईंचं नाव घालून पाकिटात ठेवली. कॅसेट कपाटात ठेवली. खराब झाली असं सांगायचं तिनं ठरवलं होतं.

५

नातवाचं बारसं होऊन गेल्यावर राजाबाई पुन्हा आल्या. दुपारची वेळ होती. सीडी छान झाली, सगळ्यांनी बघितली, आदर्शचं बाळपण बघून सून हसत होती, असं सांगितलं. मग बाकड्यावर बसल्या आणि पर्स मांडीवर धरली.

सीडीत पुन्नी दाराकडं सारखी बघते, असं त्या म्हणाल्या. शेंगा फोडायच्या सोडून बघत बसते. कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. घरात सगळे झोपले की मी रोज लावते, आणि रोज ती तशीच बसलेली असते. मान मागं वळवून.

"ती कॅसेट हाय न्हवं? ती मला एकदा दाव."

दीप्ती म्हणाली की कॅसेट खराब झाली. राजाबाईंनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. त्या बघत राहिल्या, बस्स. दीप्तीला खोटं रेटता आलं असतं. नंतर तिनं ह्या क्षणाचा पुष्कळ विचार केला आणि दया आली म्हणून आपण उठलो असं स्वतःला सांगून बघितलं. पण खरं ते तिला माहीत होतं. तिला बघायचं होतं.

तिनं कपाटातनं कॅसेट काढली. एकच अट घातली, की चालू असताना एक शब्दसुद्धा बोलायचा नाही. राजाबाईंनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडावर धरला आणि मान हलवली. दीप्तीनं जिन्याकडचं दार आतनं लावलं आणि ती बटणाजवळ उभी राहिली.

पाळणा. मांडव. सोपा.

पुन्नी दाराकडं पाठ करून बसलेली होती. शेंग फोडायची, थांबायची, पुन्हा फोडायची. राजाबाई अगदी स्थिर होत्या. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. बराच वेळ असा गेला आणि दीप्तीला वाटलं, निभावलं. मग पदराच्या बोळ्याआडून हुंदका आला. फार लहान. उशीत तोंड खुपसून आल्यासारखा.

पुन्नीनं सूप बाजूला ठेवलं. ती उठून दाराशी गेली आणि कडी घातलेल्या फळीला कान लावून उभी राहिली.

दीप्तीचं बोट बटणावर होतं. तिनं ते दाबलं नाही.

"पुन्ने," राजाबाई म्हणाल्या.

पुन्नीनं आधी आईकडं बघितलं. आई खांबाला टेकून बाळाला पाजत होती, कानाला स्कार्फ, तोंड मिटलेलं. मग तिनं दाराकडं बघितलं. पुन्हा आईकडं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली, आणि ती हळूहळू गेली.

राजाबाईंनी आता तोंडावरचा पदर काढला होता. त्या फार काही बोलल्या नाहीत. जेवलीस का विचारलं. वेण्या कुणी घातल्या विचारलं. भिऊ नको म्हणाल्या, मी हाय इथं, मी हितंच बसल्याली हाय. पुन्नी फळीवर तळहात ठेवून ऐकत होती आणि मधनंच मान डोलावत होती, जसं मोठ्या माणसाशी बोलताना पोरं डोलावतात. मांडवातनं कुणीतरी मोठ्यानं हसलं. सोप्यात ऊन होतं.

तेवढ्यात दीप्तीचं लक्ष दाराच्या फटीकडं गेलं. दोन फळ्यांच्या मधे निळसर उजेडाची एक उभी रेघ होती. हलणारी, टीव्हीचा उजेड भिंतीवर हलतो तशी. आधी ती नव्हती. खिडकी नसलेल्या, तंबाखूनं भरलेल्या त्या खोलीत उजेड यायला काही कारण नव्हतं. पुन्नीलाही ती दिसली. तिनं टाचा वर केल्या आणि फटीला डोळा लावला.

ती खूप वेळ आत बघत होती. मग मागं वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं. आणि ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, स्पीकरमधनं स्पष्ट ऐकू येईल असं, खांबाला टेकलेल्या आईला उद्देशून.

"आई, आत तिघी हायती गं."

पुढं पडद्यावर पांढरे ठिपके आले. कॅसेट संपली होती. व्हीसीआर खटकन थांबला.

दीप्ती हलली नाही. जिन्याकडचं दार तिनंच आतनं लावलं होतं आणि खोलीला दुसरं दार नव्हतं. बटणावरचं बोट तिला जाणवत होतं, पायाखालची गार फरशी जाणवत होती, आणि आपण मागं बघायचं नाही एवढंच तिला कळत होतं.

राजाबाईंनी मात्र मागं वळून बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरची पर्स उचलून पलीकडं ठेवली, बाकड्यावर थोड्या सरकल्या, आणि शेजारी जागा केली.